आत्याचा लाल ठिपका

रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी आत्या ओट्यावरच्या काट्यावर अर्ध्या किलोचं पितळी वजन ठेवायची. सुई थरथरत वर जायची आणि पाचशेच्या रेघेवर येऊन थांबायची. मग वर्गातल्या बाई हजेरीपटावरून नजर उचलतात तशी नजर उचलून आत्या म्हणायची, "हजर." वजन फडक्याने पुसलं जायचं, खणात जायचं, आणि त्यानंतरच गॅस पेटायचा. त्या काट्यावर आठवड्यातून एकदा तरी काही मोजलं जायचं का, तर तसंही नाही. पण काटा रोज हजर असायला हवा, असा त्या घराचा नियम होता.

भाची नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला याचं हसू यायचं. मग सवय झाली. आणि पुढे एक वेळ अशी आली की ती सुई पाचशेवर पोचेपर्यंत तीच हातातलं काम सोडून बघत राहायची.

आत्याने एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तेलाच्या मापाच्या तळाशी ओतलेलं मेण, टोकाला बोटभर कापलेली कापडवाल्याची पट्टी, असलं सगळं तिने पकडलेलं. ती बाजारात शिरली की दुकानदार आधी काट्याकडे बघायचे आणि मग तिच्याकडे. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "बघितले ना चारपाच. सगळे वजनात कमी भरले." यावर सगळ्यात मोठ्याने तीच हसायची.

निवृत्त झाल्यावर तिने बीअर करायला घेतली. भाचीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, हे ऐकून ठसका लागला होता. पण त्यातही तिचं एक गणित होतं. नोकरीत असताना एका बीअरच्या कारखान्यातली मापं तपासायला ती गेली होती, आणि तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तिला मोठ्या हंड्यापाशी उभं करून सांगितलं होतं की सातू तेच, पाणी तेच, पण दोनचार अंश इकडचे तिकडे झाले तर पेय वेगळं होतं. ही गोष्ट तिच्या मनात घर करून राहिली. "बाजारात पन्नास ग्रॅम मारले तर गिऱ्हाइकाला वर्षभर कळत नाही," ती म्हणायची. "इथे चार अंश चुकले तर सहा आठवड्यांनी जीभ सांगते. इथे लबाडीला जागा नाही."

महिन्या-दीड महिन्यातून एक रविवार बीअरचा असायचा. मोड आणून वाळवलेल्या सातूची भरड गरम पाण्यात तासभर ठेवायची, गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्सची कडू फुलं घालून ते उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालून झाकण लावायचं. मग झाकणावरच्या नळीतून दिवसरात्र बुडबुडे. दोन-तीन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या आणि आणखी तीन आठवडे त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही. दोन बाटल्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांना जायच्या. ते चवीचे पक्के, आणि तोंडाचे फटकळ.

त्या घरातल्या प्रत्येक मापावर एक लाल ठिपका होता. आत्याने स्वतः तपासलेल्या वस्तूवर ती नेलपॉलिशचा एक थेंब द्यायची. काट्यावर, कपांवर, फूटपट्टीवर, भिंतीवरच्या घड्याळाच्या मागेसुद्धा. खात्यात शिक्का असायचा, घरी ठिपका. ती नेलपॉलिश तिने आयुष्यात नखाला लावली नव्हती. ठिपका आहे म्हणजे आत्याने पाहिलंय, आणि आत्याने पाहिलंय म्हणजे विषय संपला.

भाचीला ती लहानपणापासून 'धांदल' म्हणायची. पोरगी चालताना दाराची चौकटसुद्धा चुकवत नाही, असं तिचं म्हणणं. वाईट काही नव्हतं त्यात. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की आतून आवाज यायचा, "आली का धांदल? चप्पल जोडीने काढ, एक इथे एक तिथे नको."

त्या वर्षी आत्या चार दिवस भावाकडे गेली असताना भाचीने एकदा मनावर घेऊन स्वयंपाकघर घासायला काढलं. आत्याला खूश करायचं होतं, एवढंच. निथळत ठेवलेल्या भांड्यांमधून हात काढताना बाही अडकली, आणि बीअरचं लांब काचेचं थर्मामीटर मोरीत पडून त्याचे दोन तुकडे झाले. आतला लाल द्रव पाण्याबरोबर वाहून गेला. ती बराच वेळ नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली.

खरं तर फोन करून सांगितलं असतं तर काय झालं असतं? आत्या म्हणाली असती, "वाटच बघत होते." पण दोन आठवड्यांपूर्वी चहाची किटली फोडून झाली होती, त्याआधी काचेचा दिवा. तिसऱ्यांदा तेच हसणं ऐकून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने भांड्यांच्या दुकानातून तसंच थर्मामीटर आणलं. तेवढ्याच लांबीचं, आत कागदाची आकड्यांची पट्टी असलेलं. जुन्या लाकडी पेटीत ते नीट बसलं. एकच गोष्ट कमी होती.

ती नेलपॉलिशची बाटली खिडकीतच असायची. झाकण उघडायला, काडीने थेंब घ्यायला, नळीच्या डोक्यावर टेकवायला मिनिटसुद्धा लागलं नाही. तिने त्यावर फुंकर घातली. वाळल्यावर तो ठिपका इतका खरा दिसत होता की तिला सुटल्यासारखं वाटलं.

आत्या परत आली, पुढच्या रविवारी बीअर लागली. थर्मामीटर हातात घेऊन ती क्षणभर थांबली. "जाड झालीय का गं ही नळी? की माझी बोटं बारीक झाली?"

"बोटं," भाची म्हणाली.

"भावजयीने चार दिवस उपाशी ठेवलं वाटतं," म्हणत आत्या हसली आणि नळी पाण्यात सोडली.

ती बीअर गोड झाली. पाकासारखी नव्हे, पण घोट गेल्यावर ओठांना ओठ चिकटावेत इतकी. शिंपीदादा बाटली घेऊन वर आले. "ताई, ही प्यायची का खोकला झाला की चमच्याने घ्यायची?"

"फुकट मिळतंय ना? मग चमच्याने घ्या," आत्या म्हणाली. पण ते गेल्यावर तिने तरंगती नळी काढली. दूधवाल्याचं पाणी पकडायला लॅक्टोमीटर असतं, त्याचीच ही बहीण. बीअरमध्ये साखर किती उरली ते सांगते. एरवी आंबवण संपलं की आकडा बारावर येऊन थांबायचा. आता तो चोविसावर थांबला होता आणि हलायला तयार नव्हता. आत्याने वहीत लिहिलं, "यीस्ट जुनं?"

दुसऱ्या खेपेला यीस्ट नवं आलं. तरी चोवीस. तिला वाटलं, थंडीने यीस्ट झोपलं असेल. मग डबा कपाटाशेजारी सरकवला, त्याला जुनं ब्लँकेट गुंडाळलं. आत्या त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची. "ऊब आहे, खायला आहे, आता काय अंगाई म्हणू?" भाची हसायची. पण ते हसू आत कुठेतरी टोचायचं. थर्मामीटर बदललंय, हे तिला माहीत होतंच. पण थर्मामीटर म्हणजे थर्मामीटर, ती सगळी सारखीच असतात, असं ती स्वतःला सांगायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

तिसऱ्या खेपेआधी आत्याने सगळी साधनं टेबलावर मांडली. तरंगती नळी साध्या पाण्यात सोडून बघितली, बरोबर होती. दळलेली भरड बोटांत चोळून बघितली. मग म्हणाली, "खरा संशय उष्णतेचा यायला हवा. पासष्ट-सहासष्ट अंशांना सातूतल्या साखरेचे तुकडे बारीक होतात, यीस्टला खाता येतात. सत्तरच्या वर गेलं की तुकडे जाडे राहतात. यीस्टच्या तोंडात मावत नाहीत, मग आपल्या तोंडात येतात." तिने लाकडी पेटी उघडली. थर्मामीटर उजेडात धरलं. भाची दारात उभी होती, कामावर निघायची होती, पण तिचा पाय उचलेना. आत्याने नळी फिरवली. डोक्यावरचा लाल ठिपका दिसला.

"ही तर आपलीच आहे," आत्या म्हणाली, आणि पेटी मिटली.

भाचीच्या तोंडाशी आलं होतं. ती म्हणाली, "येते गं."

तिसरी खेपही चोविसावर थांबली. त्यानंतर आत्याचं काहीतरी बदललं. आधी भाचीच्या लक्षात आलं ते सकाळचं वजन. आत्या ते ठेवायची, "हजर" म्हणायची, उचलायची, आणि खणात टाकण्याआधी परत ठेवून बघायची. कधी तीनदा. गॅस बंद केल्यावर बटणाला हात लावून यायची, दार लावल्यावर अर्ध्या जिन्यातून वर यायची. आणि एका संध्याकाळी वही भाचीपुढे सरकवून म्हणाली, "वाच. काय लिहिलंय?"

"सहासष्ट अंश."

"माझं अक्षर आहे ना? मीच लिहिलंय. म्हणजे वाचते एक आणि लिहिते एक." मग थोडं थांबून म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं. दुधाच्या हिशेबापासून."

आत्याची आई, म्हणजे भाचीची आजी. शेवटची सहा वर्षं तिने कुणालाच ओळखलं नव्हतं. आत्याने एकटीने तिचं सगळं केलं होतं. भाचीला आठवत होती ती फक्त खिडकीशी बसलेली एक बाई, जी तिला दर वेळी विचारायची, "तू कुणाची गं?"

भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आत्या दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन बसली, डोळे तपासून घ्यायला. चष्मेवाल्यांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, अक्षरं वाचायला लावली, एकामागून एक काचा बदलल्या. भाची काचांचा ट्रे धरून बाजूला उभी. शेवटी चष्मेवाले म्हणाले, "छान आहेत हो डोळे. आमच्या या पोरीपेक्षा तुम्ही बारीक वाचता. आहे तोच नंबर चालू द्या."

एखाद्याला ही बातमी ऐकून बरं वाटलं असतं. आत्याचा चेहरा उतरला. तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "म्हणजे डोळे नाहीत." एवढंच. तिला डोळेच हवे होते, हे त्या खोलीत एकट्या भाचीला कळलं. डोळे असते तर काचेने भागलं असतं.

दर रविवारी सकाळी बाजारातले तीनचार दुकानदार निवृत्त आत्याला आपणहून बोलवायचे, "ताई, काटा बघून जा." गिऱ्हाइकांना ते सांगता यायचं. त्या रविवारी आत्याने सगळ्यांना निरोप धाडला की आता येणार नाही. मंगळवारी संध्याकाळी किराणावाला घरी आला. "रागावलात का?"

"नाही रे. माझ्याच स्वयंपाकघरात मला धड मोजता येईना, तुमचं काय पकडू?"

तो गेल्यावर आत्या शिंपीदादांकडे खाली गेली. भाचीने चहासाठी पाणी ठेवलं, आणि ते उकळायला लागल्यावर तिचा हात आपोआप लाकडी पेटीकडे गेला. उकळतं पाणी आणि वितळता बर्फ, जगात हे दोघेच खोटं बोलत नाहीत, असं आत्या नेहमी म्हणायची. तिने थर्मामीटर खळखळत्या पाण्यात धरलं. लाल रेघ चढली, चढली, आणि चौऱ्याण्णवपाशी थांबली. तिने वाट बघितली. पाणी उसळत होतं, वाफेने हात भाजत होता, आणि नळी आपली चौऱ्याण्णवच म्हणत होती.

दुकानातून आणलेल्या भिंगाखाली तिने ती पाहिली. आतली कागदाची पट्टी जिथे चिकटवली होती तिथून सुटून वर सरकली होती. खाली डिंकाचा पिवळा डाग उघडा पडला होता. अर्ध्या बोटाचं अंतर. तेवढ्याने आत्या सहासष्ट समजून बहात्तर अंशांत सातू भिजवत होती. तेवढ्यानेच ती रोज सकाळी तेच वजन तीन-तीनदा ठेवत होती.

त्या दिवशी सांगायचं, असं तिने ठरवलं. आत्या वर आली ती थकलेली, म्हणाली, "डोकं दुखतंय, जरा पडते." दुसऱ्या दिवशी पाहुणे. तिसऱ्या दिवशी भाचीला वाटलं, नुसतं सांगून काय होणार, आधी चांगलं थर्मामीटर आणू. ते आणलं, उकळत्या पाण्यात बघितलं, बर्फात बघितलं. शंभर म्हणजे शंभर, शून्य म्हणजे शून्य. मग मनात आलं, हे गुपचूप पेटीत ठेवलं तर? बीअर आपोआप सुधारेल, आत्याला वाटेल यीस्टने हात दिला, वजन परत एकदाच ठेवलं जाईल. कुणाचंच काही बिघडणार नाही. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत आत्याने एका कागदावर दूधवाल्याचा, विजेच्या माणसाचा आणि भावाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून तो फ्रीजवर लावला. वर स्वतःचा पत्ता लिहिला होता.

शनिवारी ती म्हणाली, "उद्या शेवटची खेप. नाही जमली तर हंडा शिंपीदादांना. कपडे रंगवायला होईल." आणि ती भाजी आणायला गेली.

भाचीने पेटीतली खोटी नळी काढून कपाटात टाकली, नवी ठेवली. खिडकीतून नेलपॉलिश घेतली, झाकण फिरवलं, काडीवर थेंब घेतला. तो थेंब काडीच्या टोकाला जमला, फुगला, आणि टेबलावर पडला. तिला तो टेकवता आला नाही. तिने टेबल पुसलं, बाटली जागेवर ठेवली, आणि पेटी तशीच मिटली.

रविवारी सकाळी हंड्यात पाणी तापत होतं. आत्याने पेटी उघडली, नळी उचलली, फिरवली. परत फिरवली.

"अगं, याचा ठिपका कुठे गेला?"

भाची भरडीची पिशवी धरून उभी होती. आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच म्हणाली, "धुताना गेला असेल. का मी दिलाच नव्हता?"

सुटायला दार सताड उघडं होतं. हो म्हटलं की झालं असतं. पण ते 'मी दिलाच नव्हता' ज्या आवाजात आलं, तो आवाज भाचीने आजीच्या खिडकीपाशी ऐकलेला होता.

"तू दिला होतास," ती म्हणाली. "जुन्या नळीवर. ती मी फोडली. तू बाबांकडे गेली होतीस तेव्हा. मग दुसरी आणली, आणि ठिपका मी दिला. ती सहा अंश कमी दाखवते आत्या. पट्टी सरकलीय. तू बरोबर वाचत होतीस. बरोबरच लिहीत होतीस."

भाचीने कपाटातून खोटी नळी काढून टेबलावर ठेवली. आत्याने तिला हात न लावता वाकून पाहिलं. हंड्यातलं पाणी वाजायला लागलं होतं.

"तुला कधी कळलं?"

खरी भीती याच प्रश्नाची होती. "डोळे तपासून आलीस त्याच आठवड्यात. अकरा-बारा दिवस झाले."

आत्याने गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसली. तिने तोंडावरून हात फिरवला, आणि एक लांब श्वास सोडला, ज्यात सुटकाही होती आणि आणखी काहीतरी. भाचीने त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही.

"फोडलीस त्याचं काही नाही," आत्या म्हणाली. "काच आहे, फुटते. तू आहेस म्हटल्यावर जरा लवकर फुटते. पण ठिपका म्हणजे काय गं? 'मी पाहिलंय' असं म्हणणं. तू माझ्या तोंडाने बोललीस. आणि मी माझ्यावर विश्वास ठेवून बसले."

भाचीला रडायला येत होतं, पण रडलं तर आत्याला उठून जवळ यावं लागेल, हे तिला माहीत होतं. म्हणून ती रडली नाही.

त्या दिवशी बीअर झाली नाही. आत्याने नेलपॉलिश काढायचं औषध आणायला लावलं, आणि कापसाच्या बोळ्याने घरातला एकूण एक ठिपका पुसला. काट्याचा, कपांचा, फूटपट्टीचा, घड्याळाचा. "एक खोटा निघाला की बाकीचेही रद्द," ती म्हणाली. "खात्याचा नियम आहे, माझा नाही." मग दोघींनी मिळून सगळं परत तपासलं. भाचीने पाणी उकळलं, बर्फ फोडला, कप भरभरून काट्यावर ठेवले, आकडे मोठ्याने वाचले. आत्या प्रत्येक आकडा स्वतः वाकून बघत होती. पूर्वी ती भाचीच्या वाचण्यावर ठेवायची विश्वास. आज नाही ठेवला. संध्याकाळी चार वाजता शेवटचा ठिपका पडला. बाटलीचं झाकण लावून आत्या उठली, आणि बाटली खिडकीत न ठेवता आपल्या कपाटात ठेवून आली. कुलूप लावलं नाही. पण भाचीने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन काट्यावर एकदाच ठेवलं गेलं. फ्रीजवरचा कागद आठवड्याने निघाला.

पुढच्या खेपेची बीअर सहा आठवड्यांनी उघडली. तरंगती नळी बारावर. शिंपीदादांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताई, आता कसं, भांडायला मजा येईल अशी झालीय."

मग त्यांनीच विचारलं, "एवढे दिवस काय चुकत होतं म्हणे?"

भाची बाटल्या पुसत होती. तिचे हात थांबले.

"माप खोटं होतं," आत्या म्हणाली. "तपासलं नव्हतं मी."

रविवारी ती बाजारातही गेली. किराणावाल्याला, फळवाल्याला, सगळ्यांना तिने तेच सांगितलं, "माझ्या घरचं माप खोटं होतं, माझ्या लक्षात आलं नाही." भाची पिशवी धरून तिच्या मागे उभी असायची. प्रत्येक दुकानात तिला वाटायचं, आपण पुढे होऊन सांगावं. पण आत्या तिला संधी द्यायची नाही, लगेच काट्याकडे वळायची. रागावली असती तर एवढं जड झालं नसतं. आत्या त्यानंतरही तिला धांदलच म्हणत होती, चप्पल जोडीने काढायला सांगत होती. फक्त भाचीने मोजलेलं ती परत एकदा मोजायची, न दाखवता, ती खोलीतून गेल्यावर. भाचीला ते दारामागून ऐकू यायचं. काट्याच्या स्प्रिंगचा बारीकसा आवाज.

अशी चार वर्षं गेली. भाची आता चष्म्याच्या दुकानात तयार काचांचे नंबर तपासते. प्रत्येक चष्म्याबरोबर एक चिठ्ठी जाते आणि त्यावर तिची सही असते. बाकीच्यांपेक्षा तिला वेळ लागतो, आणि चष्मेवाले त्यावरून तिला बोलतात. ती ऐकून घेते.

आत्याच्या छातीत दुखायला लागलं ते एका मंगळवारी, बाटल्या भरताना. तिने उरलेल्या चार बाटल्या भरल्या, बुचं लावली, आणि मग भाचीला हाक मारली. इस्पितळात डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया ठरवली. बुधवारी सकाळी भाची घरून तिचा टॉवेल, कंगवा आणि चष्म्याची डबी घेऊन गेली. आत्या उशीला टेकून बसली होती. बाजूच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती की इथल्या चहात पाणी जास्त आहे, हवं तर तपासून देते. नर्स तिला न्यायला दारात येऊन उभी होती. यानंतर आत्या कुणाशी काही बोलली असेल तर ते नर्सशी, पाण्याबद्दल वगैरे. भाचीशी ती शेवटचं बोलली ते एवढंच.

"आज काटा बघितलास?"

घरातून निघताना भाचीची नुसती पळापळ झाली होती. ओट्याकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्या वेळी ते कदाचित बरंही दिसलं असतं.

"नाही गं," ती म्हणाली. "राहिलं."

आत्याने मान हलवली. चष्मा काढून तिच्या हातात दिला.

"बरं. मग घरी गेलीस की बघ. आणि बघून झालं की वजन काढून ठेव, वरच ठेवून जाऊ नकोस. स्प्रिंग ताणते."